पिओनीचे वाटे

घर विकल्याचं केर्त्तूला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. छप्पर गळायला लागलं होतं, सरपण फोडून खांदे भरून यायचे, आणि मार्चमध्ये आई गेल्यापासून ती माडीवर एकदाही चढली नव्हती. घर घेणारं जोडपं लाहती शहरातलं, तरणंताठं. बाईने अंगणात उभं राहून हात पसरून सांगितलं, इथं सगळी हिरवळ करायची, पोरांना उड्या मारायला जागा हवी. मग जरा ओशाळून म्हणाली, फुलझाडं हवी तेवढी घेऊन जा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही कशाला हात लावत नाही.

हवी तेवढी म्हणे. चर्चच्या गावात केर्त्तूने जी दीड खोली घेतली होती, ती बैठ्या घरांच्या ओळीतली चौथी. मागच्या दाराशी प्रत्येकाला एक वाफा, चार पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. त्याच्या पलीकडे सगळ्यांची मिळून हिरवळ, तिथे कुणी कुदळ मारायची नाही असा नियम. आणि इथं आईचे वाफे घराच्या तिन्ही बाजूंनी, पन्नास वर्षं वाढत वाढत पार विहिरीपर्यंत गेलेले. त्यातलं चार पावलांत काय काय मावणार?

शुक्रवारी सकाळी ती खिशात लाल लोकरीचे तुकडे घालून बाहेर पडली. न्यायच्या झाडाला लाल धागा बांधायचा, बाकीची ज्याला हवी त्याने न्यावी. ही सगळी कायमची झाडं. हिवाळ्यात वरचं सगळं काळं पडून मरतं, बर्फाखाली मुळं तेवढी जागी राहतात आणि मेमध्ये पुन्हा वर येतात. लावणारा गेला तरी येत राहतात, हा त्यांचा गुण म्हणा की कोडगेपणा म्हणा.

पांढऱ्या फ्लॉक्सला तिने मुळीच विचार न करता धागा बांधला. ऑगस्टभर फुलतो, वास देतो, काही मागत नाही. डेल्फिनियम तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं, निळंशार, पण त्याला प्रत्येक वाऱ्याआधी काठ्या ठोकाव्या लागतात. एकसष्टाव्या वर्षी काठ्या कोण ठोकणार, असं म्हणून ती पुढे गेली. आयरिसची मूठभर गाठ नेली तरी दोन वर्षांत वाफा भरतो, म्हणून तो घेतला. डेलिली मारून मरत नाही, तीही घेतली. लुपिनला तिने ओळखच दाखवली नाही. त्याला बोट दिलं तर तो सोसायटीची हिरवळसुद्धा गिळेल. शेवटी कुंपणाशी तांबड्या हृदयासारख्या फुलांचं ते झाड. ते आईचं लाडकं, पण जुलैत पार नाहीसं होतं आणि जागी खड्डा दिसतो. इतक्या लहान वाफ्यात खड्डा परवडायचा नाही. ती त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिली आणि धागा न बांधता परत फिरली. रडू आलं, ते तिने आवरलं नाही. बघायला होतं कोण?

उरली पिओनी, ओंजळीएवढ्या फुलांची. तिच्याबद्दल निवड करायचा प्रश्नच नव्हता, कारण ही सगळी उठाठेव तिच्यासाठीच होती.

स्वयंपाकघराच्या पायऱ्यांजवळ बैलगाडीच्या चाकाएवढा तिचा गड्डा पसरला होता. चव्वेचाळीसच्या जूनमध्ये, लढाई चालू असताना, पूर्व फिनलंडमधल्या करेलियातलं गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा आईला, लेम्पीला, आवरायला दुपारपर्यंतचा वेळ मिळाला होता. केर्त्तू आठ वर्षांची आणि भाऊ रेइयो तीन. आईने दुधाची किटली रिकामी केली आणि भर फुलात असलेली पिओनी उपटून तिची मुळं त्यात कोंबली. कापलेली फुलं फेकवेनात म्हणून तिने ती पाण्याच्या भांड्यात घालून टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं. गाव सीमेपलीकडे, रशियात गेलं ते गेलंच. धाकटी बहीण सिर्क्का या नव्या जागेत जन्मली, तिने ते गाव पाहिलंही नाही.

पुढे पोरं पांगल्यावर दर जूनमध्ये आई सगळ्यांना कळवायची, 'कळ्या रंग दाखवायला लागल्या.' एवढं एकच वाक्य. मग युहान्नुसच्या सणाला, जेव्हा सूर्य मावळायचं नावच घेत नाही, तेव्हा रेइयो तांपेरेहून यायचा आणि सिर्क्का स्वीडनहून बोटीने. एकमेकांशी वर्षभर न बोलणारी ही माणसं पायऱ्यांवर कॉफीचे कप घेऊन बसायची आणि फुलं मोजायची. यंदा आई नव्हती. केर्त्तूने भीत भीत फोन फिरवला आणि आईचंच वाक्य म्हटलं. आणि दोघंही आली. रेइयो दोन तासांसाठी, सिर्क्का दोन दिवसांसाठी, पण आली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तो गड्डा जोवर अखंड आहे आणि तिच्या दाराशी आहे, तोवर त्यांना यावं लागेल. वाटे झाले की प्रत्येकजण आपापल्या अंगणात बसून आपापली फुलं मोजेल. मग दीड खोलीत कोण येतंय? जुलैत एकदा फोन वाजला तेव्हा तिचा घसाच उघडेना. मागे मोजून पाहिलं तर तीन दिवसांत ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. उघड सांगायचं तर केर्त्तू घाबरली होती. पिओनीला एक धागा पुरेना म्हणून तिने कडेच्या प्रत्येक देठाला एकेक बांधला आणि खिसा रिकामा केला.

शनिवारी दुपारी रेइयोची गाडी आली. त्याने बसने आलेल्या सिर्क्काला थांब्यावरून उचललं होतं. ती तिघं गाडीतून उतरली तेव्हाच केर्त्तूला कळलं की या लोकांचं आपसात काहीतरी ठरलंय. रेइयो आणि सिर्क्का एकमेकांच्या आधी बोलत नव्हते, आणि रेइयोची बायको मारित उगाचच हवेबद्दल बोलत होती.

आधी कॉफी झाली, वेलची घातलेला पाव झाला. मारितने पर्समधून मासिकातलं कापलेलं पान काढलं, त्यावर नवशिक्यांसाठी सोप्या दहा फुलझाडांची यादी होती. मारित हेलसिंकीत फ्लॅटमध्ये वाढलेली, तिला यादीशिवाय भाजीही घेता येत नसे, पण मनाने सरळ. तिने वाफ्यांमधून फिरून फिरून बोट ठेवलं ते नेमकं गडद निळ्या बचनागावर. केर्त्तूने सांगितलं, अगं, ते मुळापासून शेंड्यापर्यंत विष आहे. रेइयो म्हणाला, द्या तिला द्या, लग्नापासून बत्तीस वर्षं संधीची वाट बघतेय ती. सगळे हसले आणि जरा मोकळं झालं.

मग फावडी चालू लागली. केर्त्तू गड्डे फोडत होती, सिर्क्का ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, रेइयो गाडीत ठेवत होता. केर्त्तूने फ्लॉक्सचा मोठा वाटा हातात दिला तेव्हा मारित पटकन 'थँक्यू हं' म्हणून गेली, आणि तिघंही जागच्या जागी थबकली.

"मेलं ते झाड," सिर्क्का म्हणाली.

कुणाकडून झाड घेतलं तर आभार मानायचे नसतात, मानले तर ते जगत नाही. एवढं या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. मारित बिचारी गोरीमोरी झाली. केर्त्तूने तिच्या हातातला वाटा परत घेतला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, आता स्वतःच उचल, चोरल्यासारखा. पण ते करताना तिच्या मनात येऊन गेलं, की अख्ख्या पंचक्रोशीत तिच्या हातची झाडं आहेत आणि कुणी कधी आभार मानले नाहीत, ते बरोबरच. पण तीच सवय बाकी सगळ्याला लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं, आणि मग तीन वर्षं आईला कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं. त्याचे आभार मानले असते तर काही मरणार नव्हतं.

चार वाजता रेइयोने हात झटकले आणि पायऱ्यांकडे बघून म्हणाला, "आणि हिचं काय? एवढे धागे बांधलेस, कुणाचं लग्न आहे का?"

"ती मी नेणार."

"सगळी?"

"तिला तोडलेलं सोसत नाही. रुसते. तीन-चार वर्षं फुलत नाही."

सिर्क्का वर्तमानपत्र गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "केर्त्तू, ती दुधाच्या किटलीत बसून लढाईतून आली. तांपेरेपर्यंत गाडीत बसून नाही जाणार?"

म्हणजे ठरलं होतं ते हेच. केर्त्तूने सुटलेला एक धागा पुन्हा बांधला. ती म्हणाली, "आईने सांगितलं होतं, एकत्र ठेव म्हणून." हे खोटं होतं. आईने तसं काही सांगितलं नव्हतं.

"कधी?" रेइयोने विचारलं.

"शेवटी शेवटी."

मारित हळूच म्हणाली, मग राहू दे ना रे. पण रेइयोचा चेहरा उतरला होता. तो पायरीवर बसला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण बसताना गुडघे जवळ घेऊन बसला.

"शेवटी शेवटी आई मला ओळखत नव्हती," तो म्हणाला. "मला गवंडी समजायची. चूल कधी दुरुस्त करणार म्हणून विचारायची. आणि तुझ्याशी पिओनीच्या गोष्टी करायची होय? तू जवळ राहिलीस म्हणून आई तुझी झाली, केर्त्तू. तिन्ही वर्षं आई तुझी होती. आम्हालाही काहीतरी लागतं."

जवळ राहणं म्हणजे काय असतं हे त्याला सांगावं असं तिला वाटलं. आई तिलाही कधी गवंडी तर कधी परिचारिका समजायची, हेही सांगावंसं वाटलं. पण रेइयो मान खाली घालून आपल्या बुटांवरची माती नखाने काढत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. तिने काटेफावडं उचलून त्याच्या हातात दिलं. म्हणाली, लांबून खण, मुळं हातभर जातात.

गड्डा निघायला तासभर लागला. रेइयो आणि सिर्क्का दोघं मिळून त्याच्यावर रेलले तेव्हा कुठे तो हलला. केर्त्तूने बादलीभर पाण्याने माती धुतली. आत पुढच्या वर्षीचे कोंब तयार बसले होते, गुलाबी, नखाएवढे. त्यांना डोळे म्हणतात. एका वाट्याला निदान चार डोळे हवेत, नाहीतर तो वाटा म्हणजे नुसता कंद. तिने डोळे मोजले, भाकरीचा सुरा घेतला आणि नवलकोल कापावा तसा करकर आवाज करत त्या गड्ड्याचे तीन वाटे केले.

रेइयोने आपला वाटा पोत्यात घेतला आणि मांडीवर ठेवला. "किती खोल लावू?"

दोन बोटं. जमिनीच्या खाली दोनच बोटं, आईने केर्त्तूला लहानपणी स्वतःची बोटं आडवी धरून शिकवलं होतं. याहून खोल गेली तर पिओनी मरत नाही. पानं येतात, दरवर्षी येतात, हिरवीगार, चांगली तीस-तीस वर्षं. फूल मात्र कधी धरत नाही. ज्याला माहीत नाही तो हवेला दोष देतो, मातीला देतो, आणि फुलं बघायला दुसऱ्याच्या अंगणात जातो.

"वीतभर," केर्त्तू म्हणाली. "तुमच्याकडे थंडी जास्त."

रेइयोने खिशातली पेन्सिल काढून पोत्याच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, वीतभर. तिला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, पुढचे जून तरी आता निश्चित झाले म्हणून. नवरा-बायको उजेडातच निघून गेली. मारितने गाडीतून हात हलवला, तोंड मात्र घट्ट मिटून. चुकून आभार निसटू नयेत म्हणून असेल.

त्या संध्याकाळी दोघी बहिणी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसल्या, शेवटचं सौना म्हणून केर्त्तूने लाकडं जरा सढळ हाताने घातली होती. सिर्क्का पन्नाशी ओलांडलेली, पण अजून गोथेनबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात उभ्याने काम करते. तिच्या पायांवरच्या निळ्या शिरा केर्त्तूने पहिल्यांदाच पाहिल्या. तिचा नवरा लेनार्त कसा आहे असं विचारलं, तर तो दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे राहायला गेला असं उत्तर मिळालं. मुलांचे फोन येतात, स्वीडिशमध्ये. केर्त्तूने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं.

रविवारी बस दोनला होती, पुढे तुर्कूहून रात्रीची बोट. जेवण झाल्यावर सिर्क्का आपला वाटा गुंडाळायला अंगणात बसली. पायऱ्यांजवळ जिथे पिओनी होती तिथे आता खड्डा होता. सिर्क्काने ओल्या शेवाळात मुळं बसवली, वर्तमानपत्र गुंडाळलं, दोरा बांधला. हात सराईत चालत होते. केर्त्तू सहज म्हणाली, तुला येतं की गं सगळं.

"याआधी केलंय ना मी," सिर्क्का म्हणाली. आणि मग, "आता आई नाही, सांगायला हरकत नाही. अठ्ठ्याहत्तर साली आईने मला एक वाटा दिला होता. तू तेव्हा ऑपरेशनला दवाखान्यात होतीस. म्हणाली, केर्त्तूला बोलू नकोस, तिचा जीव आहे त्यात."

केर्त्तूला तो सप्टेंबर आठवला. ती दवाखान्यातून आली तर पायऱ्यांकडची माती एका बाजूने उकरलेली, आणि आई म्हणाली होती, उंदरांनी खाल्ली गं मुळं.

"मग?"

"मग काय. एकोणीस वर्षं झाली. पानं अशी की शेजारी विचारतात. पण कळीसुद्धा नाही. पहिली पाच-सहा वर्षं वाट पाहिली, खत घातलं, राख घातली. मग म्हटलं, तिला करेलियाची नाहीतर निदान इथली माती लागत असेल. मी आपली नुसती पानं बघत बसते आणि जून आला की बोट पकडते. तिथे कामावरच्या बायका हसतात मला, एका फुलासाठी समुद्र ओलांडते म्हणून." तिने दोऱ्याची गाठ दातांनी आवळली. "आता हा वाटा तरी फुलतोय का बघू. काल रेइयोला तू किती म्हणालीस? वीतभरच ना? आईनेही मला तेच सांगितलं होतं. वीतभर, म्हणाली, तुमच्याकडे समुद्राचा वारा."

केर्त्तू पायरीवर खाली बसली.

आई चुकली नव्हती. आई पिओनीच्या बाबतीत झोपेतसुद्धा चुकली नसती. आईने बोटं आडवी धरून केर्त्तूला दोन म्हणून शिकवलं आणि सिर्क्काला वीतभर म्हणून सांगितलं, आणि मग दर जूनमध्ये फोनपाशी बसून ते एक वाक्य म्हटलं. केर्त्तू तेव्हा तिथेच असायची, त्याच स्वयंपाकघरात. शाळेतून आली की आईसमोर कॉफी ठेवायची, आईचे पाय चोळायची, रेडिओ लावायची. आयुष्यभर तिने स्वतःला एक सांगितलं होतं, की मी लग्न केलं नाही, मी कुठे गेले नाही, पण माझ्यामुळे आई एकटी नव्हती. आणि आई एकटी होती. केर्त्तू समोर बसलेली असताना एकटी होती, इतकी, की पोटच्या पोरीला खोटं सांगून बोलवावं लागावं.

हे कळल्यावर तिला रेइयोचा राग आला नाही, आईचाही आला नाही. फक्त छातीत काहीतरी रिकामं झालं आणि त्या रिकाम्या जागी काय घालायचं ते तिला कळेना.

"वीतभरच ना?" सिर्क्काने पुन्हा विचारलं. तिने पिशवीतून पेन काढलं होतं.

हो म्हणायला काय लागतं? मान हलवली असती तरी पुरे होतं. पुढची वीस वर्षं सिर्क्का समुद्र ओलांडत राहिली असती. केर्त्तूने आपल्या हातांकडे पाहिलं.

"दोन बोटं," ती म्हणाली. "मातीखाली दोनच बोटं. वीतभर गेली की फुलत नाही. आईला ते माहीत होतं, सिर्क्का. आणि मलाही माहीत होतं. काल मी रेइयोला मुद्दाम खोटं सांगितलं."

सिर्क्काला समजायला वेळ लागला. आधी ती हसली, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "आई असं का करेल?"

"तू यावीस म्हणून."

"मग तसं म्हणायचं. तोंड होतं ना तिला. नुसतं ये म्हणायचं."

"आली असतीस?"

सिर्क्काने पेन पिशवीत टाकलं. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, लहानपणापासून नव्हती, म्हणून तर मार खायची. ती म्हणाली, "नाही. नसते आले. मुलं लहान होती, लेनार्तला इथं कंटाळा यायचा, आणि आई आहे तिथेच आहे असं वाटायचं. फुलाचं तसं नसतं ना. ते आठ दिवसांत संपतं."

केर्त्तू उठून घरात गेली आणि रेइयोला फोन लावला. सिर्क्का दारात येऊन उभी राहिली. पिओनी लावलीस का, असं केर्त्तूने विचारलं. रेइयो म्हणाला, सकाळीच लावली, पट्टीने मोजून. ती म्हणाली, उकर आणि वर घे, दोन बोटं फक्त, मी चुकीचं सांगितलं. मग तो म्हणाला, बरं, जेवून करतो. आणखी काही? आणखी काही नव्हतं. त्याने फोन ठेवला. चुकीचं का सांगितलंस, एवढं तरी तो विचारेल असं तिला वाटलं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दोघी रस्त्यापर्यंत चालत गेल्या. थांब्यावर लाकडी बाक होता, त्यावर पिशवी मध्ये ठेवून बसल्या. पिशवीतून पिओनीचं पुडकं डोकं वर काढून होतं. शेतात राईची कापणी झाली होती आणि लांबपर्यंत एक माणूस दिसत नव्हता. सिर्क्का सरळ समोर बघत होती. ती चिडली होती की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही.

केर्त्तूने आयुष्यात कुणाला काही मागितलं नव्हतं. मागायची वेळ आली की ती भांडी घासायला घ्यायची. इथे भांडी नव्हती.

"मी म्हणते," ती म्हणाली. "आईने म्हटलं नाही, मी म्हणते. ये. फूल तुझ्याकडेही येईल, त्यासाठी नको. जूनमध्ये ये नाहीतर नोव्हेंबरमध्ये, जेव्हा काहीच फुलत नाही तेव्हा ये. तू नाही म्हणालीस तरी मी काही मरत नाही. पण मला एकटीला होत नाहीये, सिर्क्का. ते सांगितलं."

सिर्क्काने पुडक्याचा कागद नीट केला, जो आधीच नीट होता.

"दीड खोलीत मला झोपवणार कुठे?"

"माझ्या पलंगावर. मी खाली झोपेन."

"या वयात? तू जमिनीवर झोपलीस तर सकाळी तुला उठवायला माणूस लागेल."

"लागेलच," केर्त्तू म्हणाली. "रोजच लागतो."

बस वळणावरून आली आणि धूळ उडवत थांब्याशी उभी राहिली. ड्रायव्हरने दार उघडलं. सिर्क्का उठली नाही. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, येताय ना बाई. सिर्क्काने हात वर करून त्याला जरा थांब म्हणून खूण केली आणि दुसऱ्या हाताने केर्त्तूचा मातीने भरलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.